मुलांना जोडाक्षरे कशी शिकवावीत: आधी कान, मग फोड, मग पेन्सिल

दुसरीतल्या मुलाची वही उघडली की 'महणून', 'पुसतक', 'कुतरा', 'उध्या' हे ठरलेले पाहुणे भेटतात. घरचे म्हणतात, "लक्षच नसतं याचं." लक्ष असते. चुकलेला असतो तो शिकवण्याचा क्रम. शब्द नीट ऐकायला शिकवण्याआधी तो लिहायला लावलेला असतो, आणि फोड करायला शिकवण्याआधी दहा-दहा वेळा गिरवून घेतलेला असतो. असे मूल 'पुस्तक' बरोबर लिहिते, कारण त्याने पुस्तकाचे चित्रच पाठ केलेले असते. 'रस्ता' सांगितला की पुन्हा 'रसता'.

खालचा क्रम घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी आहे. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनाही तो चालेल. एक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका, मग शाळेत पुस्तक कुठेही पोचलेले असो.

## सुरू करण्याआधी

मुलाला जोडाक्षर नसलेले शब्द सहज लिहिता आले पाहिजेत. बदक, पाटी, मैदान, गोगलगाय, दिवाळी, चौकोन असे दहा शब्द सांगून लिहून घ्या. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांत तीनपेक्षा जास्त चुका झाल्या तर जोडाक्षरे आणखी महिनाभर लांबवा. बाराखडी डळमळीत असताना जोडाक्षरांचा भार टाकला की दोन्ही बिघडतात.

सामान फार नाही: एक पाटी, दुरेघी वही, एचबी पेन्सिल आणि कोऱ्या पट्ट्या. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून पट्ट्या छान होतात, कागद जाड असल्याने दुमडायलाही बऱ्या पडतात. खोडरबर मात्र पहिले काही दिवस लपवून ठेवा. चूक दिसत राहिली तर ती का झाली हे मुलाला दाखवता येते. खोडून टाकली की बोलायचे कशावर?

इशारा: इंटरनेटवरून छापलेले सरावाचे कागद वापरण्याआधी त्यातले 'ल' आणि 'श' बघा. अनेक फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे असतात, आणि शाळेतल्या पुस्तकात मराठी वळण असते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ रोजी मराठी वर्णमाला आणि वर्णलेखन यांविषयी निर्णय काढून अक्षरांची वळणे ठरवून दिली, आणि २०२२ मध्ये तो निर्णय सुधारला. घरी एक, शाळेत दुसरे असे झाले की मूल दोन्हींची खिचडी करते. वळण पाठ्यपुस्तकातले ठेवा.

## टप्पा १: नुसते ऐकणे

पहिले तीन-चार दिवस वही उघडायचीच नाही. शब्दांच्या जोड्या मोठ्याने म्हणायच्या:

पता – पत्ता
मका – मक्का
खडा – खड्डा
सखा – सख्खा
आता – आत्ता

प्रत्येक जोडीनंतर एकच प्रश्न: "जीभ कुठल्या शब्दात अडली?" 'पत्ता' म्हणताना जीभ दातांना टेकून क्षणभर थांबते, आणि आधीच्या 'प'वर जोर पडतो. 'पता' म्हणताना असे काही होत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे चटकन कळते, फक्त कुणीतरी विचारावे लागते. मग खेळ करा. तुम्ही शब्द म्हणायचा, जीभ अडली तर त्याने टाळी वाजवायची. मध्येच साधा शब्द घुसडून फसवा. फसायला मुलांना आवडते, आणि फसवायला त्याहून जास्त, म्हणून दुसऱ्या दिवशी शब्द त्याला सांगू द्या.

तपासा: नवे दहा शब्द सांगितले तर आठ वेळा टाळी बरोबर पडते का? पडत असेल तर पुढे.

## टप्पा २: तोंडी फोड

आता विचारा, जीभ अडली तेव्हा कुठला आवाज होता? पत्ता म्हणजे प, त्, ता. मधला त् म्हणताना 'अ' येऊ द्यायचा नाही. 'पत्' एवढेच म्हणून थांबायला सांगा. तोंड तसेच राहते, आवाज बंद होतो. हा पाय मोडलेला त.

इथे बोलण्यात एक खोच आहे. आपण सहज "अर्धा त" म्हणतो, आणि मूल प्रामाणिकपणे अर्ध्या उंचीचा त काढते. वहीत चिमुकला त आणि शेजारी मोठा ता दिसला तर समजा की सूचनाच तशी गेली होती. त्याऐवजी "पाय मोडलेला त" म्हणा, आणि पुढच्या टप्प्यात "दांडी गेलेला त".

पाटीवर एक-दोन दिवस पाय मोडूनच लिहू द्या: च प् प ल. दिसायला विचित्र दिसते, तरी चालेल. कुठल्या अक्षराचा पाय मोडला आहे हे मुलाला कळते आहे की नाही, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

इशारा: फोड नेहमी आवाजाची करून घ्या, लिहिलेल्या शब्दाकडे बघून नव्हे. बघून केलेली फोड पुढे 'र'पाशी सपशेल फसते. का, ते सातव्या टप्प्यात येईल.

## टप्पा ३: दांडीची अक्षरे, आणि आधी तीच ती दोनदा

क, ख, ग या ओळीने जोडाक्षरे शिकवू नका. आकाराने शिकवा. ज्यांच्या उजवीकडे उभी दांडी आहे त्यांचा गट सर्वांत मोठा आणि सर्वांत सोपा: ग, च, ज, त, न, प, ब, म, व, स वगैरे. जोडताना दांडी काढायची, बाकी अक्षर तसेच.

हे सांगण्यापेक्षा दाखवा. पट्टीवर मोठा 'स' काढा, दांडी अगदी उजव्या कडेला येईल असा. आता दांडीपुरता कागद मागे दुमडा. उरला तो स्. त्याच्या शेजारी 'त'ची पट्टी चिकटवून ठेवा, झाला स्त. दुमड उघडली की पुन्हा 'सत'. मुलाला स्वतः दुमडू द्या, तीनचार अक्षरे दुमडली की नियम सांगावा लागत नाही. 'ग', 'ण', 'श' यांची दांडी मुळातच सुटी असते, त्यामुळे तिथे तर मजाच.

सुरुवात एकच अक्षर दोनदा येणाऱ्या शब्दांनी करा: चप्पल, पप्पा, मम्मी, कच्चा, पन्नास, डब्बा, रस्सा, सज्जा. दोन्ही अक्षरे सारखीच असल्याने नजर फक्त गेलेल्या दांडीवर राहते. 'त्त'ची एक जुनी वेगळी आकृती छापलेली दिसते, ती वाचायला दाखवा. लिहायला दांडी गेलेला त आणि पुढे पूर्ण त पुरेसा आहे.

'चप्पल' लिहिण्याचा क्रम असा:

१. च पूर्ण काढायचा, दांडीसकट.
२. प काढायचा, पण दांडीपाशी हात उचलायचा. उंची पूर्ण, दोन्ही रेघांना टेकलेली.
३. लगेच चिकटून दुसरा प, दांडीसकट. मध्ये पेन्सिलीच्या टोकाएवढीही फट नको.
४. ल.
५. सर्वांत शेवटी सबंध शब्दावर एक सलग शिरोरेघ, डावीकडून उजवीकडे.

प्रत्येक अक्षरावर वेगळी टोपी घालत गेले तर जोडाक्षराच्या जागी शिरोरेघ तुटते आणि एका शब्दाचे दोन दिसतात. म्हणून शिरोरेघ शेवटी.

रोज पाच शब्द, पंधरा मिनिटे. यापेक्षा जास्त घोटून घेतले तर अक्षर बिघडते आणि मूल वहीचा राग करू लागते.

तपासा: लिहिलेल्या शब्दावर बोट ठेवून "दांडी कुणाची गेली?" असे विचारा. बरोबर बोट गेले, तरच शब्द आला असे समजा.

## टप्पा ४: दोन वेगळी अक्षरे

पहिल्यांदा 'स': रस्ता, पुस्तक, मस्त, स्वस्त, बस्ता. 'स्'चा सूंऽऽ आवाज लांबवता येतो, म्हणून फोड ऐकू येते. इथली ठरलेली चूक म्हणजे अदलाबदल, 'पुत्सक'. अशा वेळी "नीट बघ" म्हणण्याचा उपयोग नाही. शब्द हळू म्हणायला लावा, पुस् तक, आणि आधी काय ऐकू आले ते विचारा.

मग 'य'. मराठीत हे कुटुंब टाळताच येत नाही. शब्दाला प्रत्यय लागला की य येऊन बसतो: आईच्या, माझ्या, पाण्यात, सोन्याचा, आपल्या, त्याला. कुठलेही मराठी पान उघडा, ओळीगणिक एखादा सापडेल. पुस्तकात हे शब्द पहिल्या धड्यापासून असतात, म्हणून त्यांना शेवटी ढकलू नका.

मात्र इथे पहिल्या टप्प्यातली टाळी निकामी होते. 'माझ्या', 'तुझ्या' म्हणताना आधीच्या अक्षरावर जोर पडत नाही. पुणे शहरातले 'पुण्यात' आणि पाप-पुण्यातले 'पुण्यात' म्हणून बघा: लिहायला सारखे, पण पहिल्यात जोर नाही, दुसऱ्यात आहे. हे मुलाला समजावत बसू नका, तुम्हाला माहीत असू द्या. मुलाकडून माझा – माझ्या, पाणी – पाण्यात, सोने – सोन्याचा अशा जोड्या म्हणून घ्या.

तिसरे कुटुंब 'ह'चे, आणि सर्वांत जास्त चुका इथेच: म्हैस, म्हणून, उन्हाळा, तान्हा, कोल्हा, जेव्हा, नव्हता. इथेही जोर नाही, शिवाय म् आणि ह इतके एकजीव होतात की मुलाला एकच आवाज ऐकू येतो. मग 'महणून' होते, नाहीतर नुसतेच 'मणून'. यावर उपाय: तळहात तोंडासमोर धरून 'मऊ' आणि 'म्हैस' म्हणायचे. 'म्हैस'ला हातावर वारा लागतो. वारा लागला की ह आहे, आणि तो म च्या मागून आला आहे. म, न, ल, व या चौघांची दांडी जाते आणि ह पूर्ण राहतो, हे एका पट्टीवर लिहून भिंतीला लावून टाका: म्ह, न्ह, ल्ह, व्ह.

(जाता जाता: 'जेंव्हा', 'केंव्हा' असा अनुस्वार मोठी माणसे सर्रास देतात. तो चूक आहे. मुलाला शिकवायच्या आधी आपला हात तपासावा.)

इशारा, पहिल्या वेलांटीचा: 'स्थिर', 'पश्चिम', 'निश्चित' यांत ह्रस्व वेलांटीची उभी रेघ सबंध जोडाक्षराच्या आधी येते. मूल स् काढते, मग वेलांटी, मग थ, आणि वेलांटी दोघांच्या मध्ये अडकते. लिहिताना आधी वेलांटीची जागा सोडायची, जोडाक्षर पूर्ण करायचे, मग मागे येऊन वेलांटी द्यायची.

## टप्पा ५: क आणि फ

हे दोघे झटपट होतात. यांची दांडी मधोमध असते, ती तशीच ठेवायची आणि उजवीकडचा वळसा आखडता घेऊन पुढच्या अक्षराला टेकवायचा. चक्कर, मुक्काम, वाक्य, फक्त, डॉक्टर. फ चे मुलांच्या ओळखीचे शब्द बहुतेक इंग्रजीतून आलेले: लिफ्ट, फ्लॅट. दोन दिवस पुरतात.

## टप्पा ६: दांडी नसलेली अक्षरे

ट, ठ, ड, ढ, द, ह, ळ यांना उजवीकडे दांडीच नाही, मग काढणार काय? पाय मोडायचा. खड्डा, कट्टा, चिठ्ठी, लठ्ठ. एकाखाली एक लिहिलेली जुनी पद्धत छापील मजकुरात भेटते, ती ओळखता आली म्हणजे झाले. पुढे य आला की तो थोडा वाकून जवळ येतो: गाड्या, काठ्या, डोळ्यात, केळ्याचे.

'द'ला मात्र वेळ द्या. द्य, द्ध, द्व, द्द, द्म यांच्या जुन्या आकृत्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की नुसत्या बघून फोड करता येत नाही. बालभारतीच्या अलीकडच्या पुस्तकांत पाय मोडून सुटे लिहिलेले दिसते, द्‌य, द्‌ध, द्‌व असे. लिहायला हेच शिकवा. घरातल्या पोथीत, वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर मात्र जुनी आकृती येणार, म्हणून वाचायला दोन्ही.

दोन चुका आधीच अडवा:

'उध्या', 'विध्यार्थी'. द् आणि ध् यांची गल्लत आहे. पुन्हा तळहात समोर धरायचा. 'ध्यान'ला वारा लागतो, 'उद्या'ला लागत नाही.

'शुध्द', 'बुध्दी', 'प्रसिध्द'. हे दुकानांच्या पाट्यांवरही दिसते. आधी द्, मग ध. 'शुद्' म्हणून थांबा, मग 'ध' म्हणा. उलट करून बघितले तर जिभेलाच जमत नाही, आणि मुलांना हा पुरावा पटतो.

ह् आधी येणारे शब्द थोडेच: सह्याद्री, बाह्य, ब्रह्म. ते आत्ता घ्यायचे, म्ह-न्ह पक्के झाल्यावर. दोन्ही एकाच आठवड्यात घेतले की 'ब्रम्ह' ठरलेले.

## टप्पा ७: र

र सर्वांत शेवटी. याची रूपे अनेक, आणि डोळ्याला दिसते त्याच्या उलट कानाला ऐकू येते.

पहिले, प्र आणि मंडळी. प्रकाश, क्रिकेट, ग्रह, कुत्रा, मित्र. मुलाला 'प्र'ची फोड विचारा. बघून उत्तर देणारे मूल म्हणेल, "पूर्ण प आणि अर्धा र." दिसते तसेच: प दांडीसकट उभा आणि र ची नुसती एक तिरपी रेघ. पण ऐकले तर प्, मग र. पाय प चा मोडला आहे, र पूर्ण आहे. म्हणूनच मघाशी आवाजाची फोड हवी म्हटले. दांडीच्या अक्षराला तिरपी रेघ, ट आणि ड ला खाली काकपदासारखी (^) खूण: ट्रक, ड्रम. त्र आणि श्र यांची आकृती वेगळी, ती गिरवून घ्या.

दुसरे, रफार. सूर्य, वर्ग, गर्दी, मार्च, शर्ट. इथे र आधी बोलला जातो आणि लिहिला सर्वांत शेवटी जातो, तोही पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मुले रफार एक घर अलीकडे टाकतात. मोठीही टाकतात: 'आर्शीवाद', 'पुर्नविचार'. सवय अशी लावा: शब्द पूर्ण लिहायचा, मग म्हणायचा, र् च्या नंतर जे अक्षर तोंडातून येते त्यावर बोट ठेवायचे आणि तिथेच रफार द्यायचा. आ, शी, र्, वा, द. बोट 'वा'वर, रफार 'वा'वर. पुढच्या अक्षराला काना किंवा दुसरी वेलांटी असेल तर रफार तिच्या दांडीच्या डोक्यावर जातो.

तिसरे, ऱ्य आणि ऱ्ह. दुसऱ्या, पायऱ्या, कुऱ्हाड, बिऱ्हाड. जोर न पडता येणारा हा र रफारासारखा डोक्यावर चढत नाही, आडवा होऊन य आणि ह च्या आधी बसतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावले तर शिकवायला येतील, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाकाला. ही जोडी एकदा सांगितली की मुले आठवडाभर घरभर म्हणत फिरतात, वेगळा सराव लागत नाही.

इशारा: कृपा, गृहपाठ, हृदय, वृक्ष यांत ऋकार आहे, र जोडलेला नाही. 'ग्रह' आकाशात, 'गृह' म्हणजे घर. 'क्रुपया' लिहिणारे मूल दिसले तर दोन्ही रांगा शेजारी शेजारी लिहून दाखवा.

क्ष आणि ज्ञ यांची फोड आत्ता करू नका. विशेषतः 'ज्ञ'चा आपला उच्चार 'द्न्य' असल्याने फोड केली की मूल तसेच लिहू लागते. अक्षर, पक्षी, ज्ञान, विज्ञान असे शब्द देऊन ही दोन अक्षरे आकृती म्हणूनच ओळखीची करा.

## टप्पा ८: तीन व्यंजने आणि श्रुतलेखन

इस्त्री, रस्त्यावर, राष्ट्र, कच्च्या. नवे काही नाही, फक्त दोघांचे पाय मोडतात. इ, स्, त्, री अशी फोड तोंडी झाली की लिहायला सांगा. इस्त्रीपासून सुरुवात करा, ती घरात असते.

आता श्रुतलेखन. वाक्य एकदा सबंध वाचा, मग शब्दाशब्दाने, पण मुद्दाम तोडून नको. 'रस् त्या वर' असे तुम्हीच तोडून सांगितले तर परीक्षा तुमची झाली. सुरुवातीला ही वाक्ये घ्या:

कच्च्या रस्त्यावर मोठा खड्डा होता.
म्हातारा कोल्हा उन्हात बसला.
उद्या विद्यार्थी गृहपाठ आणतील.
ट्रकमागे गाड्यांची गर्दी झाली.
सूर्य दऱ्यांच्या पलीकडे मावळला.

चुकीच्या शब्दावर लाल फुली मारून बरोबर शब्द दहा वेळा लिहायला देऊ नका. शब्दाखाली रेघ ओढा आणि तोंडी फोड मागा. फोड बरोबर आली आणि लिहिणे चुकले, तर हाताला सराव हवा, त्या गटाच्या टप्प्यावर दोन दिवस मागे जा. फोडच चुकली, तर दुसऱ्या टप्प्यावर जा. आणि 'पत्ता' व 'पता' यांतला फरकच सांगता येत नसेल, तर वही मिटून पहिल्यावर.

तिसरी-चौथीतले मूल अजून चुकत असेल तर पहिल्यापासून सगळे नको. त्याच्या वह्यांतल्या शेवटच्या पंधरा-वीस चुका एका कागदावर काढा आणि गट पाडा. बहुतेक वेळा त्या दोनच गटांत पडतात, ह चा आणि र चा. तेवढेच घ्या, रोज पाच शब्द. पंधरा दिवसांनी त्याच चुकांचे शब्द पुन्हा सांगून लिहून घ्या. तरीही साधे, बिनजोडाक्षराचे शब्दही अडखळत असतील, अक्षरे उलटसुलट होत असतील, तर शिक्षकांशी बोला, आणि मुलाचे डोळे व कान एकदा डॉक्टरकडून तपासून घ्या.